चेंजिंग पॅडची खोळ घरी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाचं लंगोट किंवा डायपर बदलायच्या पॅडवर घालायची इलॅस्टिकची खोळ पायाने चालवायच्या साध्या मशीनवरही एका दुपारी होते. चुकतं ते बहुधा मापात आणि पुढे धुण्यात, म्हणून त्या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे. मापं इंचात आहेत, कारण टेप आणि टेलर दोघंही आपल्याकडे खान्देशात इंचातच बोलतात. कापड दुकानात मीटरने मिळतं, म्हणून खरेदीचा हिशोब मीटरमध्ये.

घरात गोधड्या असताना वेगळी खोळ कशाला?

"गोधडी शे ना, मंग हाई कशाले?" (गोधडी आहे ना, मग हे कशाला?) हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. चौघडी जुन्या साडीच्या गोधडीवर बाळ छान राहतं. अडचण धुण्याची आहे. जाड गोधडी एकदा आतपर्यंत ओली झाली की पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळली की वास धरते. एकेरी कापडाची खोळ काढली, खंगाळली, दोरीवर टाकली की काम संपलं. पॅड तसाच कोरडा राहतो. ज्या घरात बाळाचं सगळं खाली जमिनीवरच होतं आणि गोधड्या पातळ आहेत, तिथे खोळीवाचून काही अडत नाही.

पॅड कोणता घ्यावा? विकतचा नसेल तर?

विकत मिळणारे, दोन्ही कडा उंच आणि मध्ये खोलगट असे फोमचे पॅड बरेचदा ३२ x १६ इंचांचे आणि कडेला ४ इंच उंच असतात. पण लेबलावर विसंबू नका, टेप लावून मोजा. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक नेहमीचा आहे.

घरचा करायचा तर गादी-फोमच्या दुकानातून ३० x १८ इंचांचा, २ इंच जाडीचा, ४० डेन्सिटीचा तुकडा कापून घ्या. याहून हलका फोम बाळाच्या वजनाने दबतो आणि मध्ये खड्डा पडतो. कापसाचा मुलूख असल्याने पिंजाऱ्याकडून छोटी गादी भरून घ्यायचाही मोह होतो. तशी गादी अंगाला छान लागते, पण एकदा ओल आत गेली की कापसाचे गोळे होतात आणि पुन्हा पिंजल्याशिवाय ते सुटत नाहीत. कापसाची गादी करायचीच असेल, तर खाली सांगितलेला वॉटरप्रूफ थर पहिल्या दिवसापासून लावा.

माप कसं काढायचं?

चार आकडे लागतात: पॅडची लांबी, रुंदी, उंची, आणि खोळ पॅडच्या खाली किती वळवायची ते. खाली ३ इंच वळवा. त्यापेक्षा कमी ठेवली तर बाळाने पाय झाडले की खोळ निसटते. नेफ्यासाठी १ इंच धरा आणि सगळ्यावर अर्धा इंच ढील. सुती विणीच्या कापडाला ताण नसतो, त्यामुळे ही ढील सोडली नाही तर खोळ चढवताना कोपऱ्याची शिवण कुरकुरते.

३२ x १६ x ४ च्या पॅडसाठी हिशोब असा. एका बाजूला ४ (उंची) + ३ (खालचा वळसा) + १ (नेफा) = ८ इंच, दोन्ही बाजूंचे १६. म्हणून लांबी ३२ + १६ + अर्धा = साडेअठ्ठेचाळीस, आणि रुंदी १६ + १६ + अर्धा = साडेबत्तीस. म्हणजे ४८½ x ३२½ इंचांचा आयत.

आता चारही कोपऱ्यांतून चौकोन कापून काढायचे. चौकोनाची बाजू ८ नाही, साडेसात इंच. अर्धा इंच शिवणीत जातो. इथेच सगळ्यात जास्त कापड वाया जातं: लोक ८ चा चौकोन कापतात, मग शिवण धरल्यावर वरचा भाग पॅडपेक्षा अर्धा इंच आखूड आणि अर्धा इंच अरुंद होतो आणि खोळ पॅडवर नीट चढत नाही. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून आधी वर्तमानपत्रावर एका कोपऱ्याचा कागदी साचा करून पॅडवर लावून बघा.

घरच्या ३० x १८ x २ पॅडसाठी एका बाजूला २ + ३ + १ = ६ इंच. आयत ४२½ x ३०½ आणि कोपऱ्याचा चौकोन साडेपाच इंचांचा.

कापड किती घ्यायचं?

मोठ्या पॅडच्या एका खोळीला ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याचं दीड मीटर. तीन खोळी एकदम करायच्या असतील तर ४ मीटर. ५८ इंच पन्हा मिळाला तर तुकडा आडवा टाका, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस इंच पन्ह्यात आणि साडेबत्तीस इंच लांबीत. तीन खोळी पावणेतीन मीटरमध्ये निघतात. साध्या विणीच्या सुती कापडाला उभा-आडवा धागा इथे फारसा फरक करत नाही. फक्त छापील चित्रं आडवी पडणार नाहीत एवढं बघा.

या आकड्यांत आटण्याचा हिशोब धरलेला आहे, त्यामुळे दुकानदार म्हणाला "सव्वा मीटरमध्ये बसेल" तरी ऐकू नका.

कोणतं कापड चांगलं?

पॉपलिन किंवा केंब्रिक हे पहिल्या खोळीला सगळ्यात सोपं. मशीनखाली सरकत नाही, लवकर वाळतं, सर्वत्र मिळतं. जळगावात फुले मार्केट, धुळ्यात आग्रा रोड, नाहीतर चोपडा, शहादा, अमळनेर अशा कुठल्याही बाजारपेठेतल्या कटपीसच्या दुकानात मिळेल.

मलमल उन्हाळ्याला उत्तम, पण एकेरी फार पातळ, म्हणून दुहेरी घ्या. फ्लॅनेल हिवाळ्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पॉपलिनचा गार स्पर्श लागला की बाळ दचकून रडतं. टर्किश, म्हणजे टॉवेलचं कापड, ओल सगळ्यात जास्त पितं आणि सगळ्यात उशिरा वाळतं. मांजरपाट स्वस्त आहे, मात्र त्यात खळ भरपूर असते. रात्रभर भिजवून दोन-तीनदा धुतल्याशिवाय ते पाणी शोषत नाही, उलट त्यावरून पाणी ओघळतं.

पॉलिस्टर मिसळलेलं कापड टाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा ते पाठीला चिकटतं आणि घामोळं येतं. दुकानात "प्युअर कॉटन" सगळेच म्हणतात. घरी चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

रंगाचीही परीक्षा घ्या. ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासा. रंग लागला तर ते कापड बाळाच्या खोळीला नको, मग मीठ-तुरटीत कितीही बुडवा.

जुन्या सुती साडीची चालेल का?

चालेल, आणि बारशापर्यंत बाळाला कोरं कापड लावायचं नाही ही रीत ज्या घरांत आहे तिथे तर हाच मार्ग. रीत बाजूला ठेवली तरी कारण व्यवहारी आहे: शेकडो वेळा धुतलेल्या कापडात खळ आणि सुटा रंग उरलेला नसतो.

साडेपाच मीटरच्या साडीतून लांबीच्या बाजूने चार तुकडे पडतात. जुनी साडी विरलेली असते म्हणून दोन थर एकत्र शिवा. म्हणजे एका साडीत दोन खोळी. कापण्याआधी साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग जास्त विरलेला असतो, तो टाळा. काठ जरीचा असेल तर तो पूर्ण कापून टाका, जरीची तार बाळाच्या कातडीला ओरखडते. दोन थर कडेने आणि मध्ये दोन-तीन उभ्या धावदोऱ्यांनी जोडून घेतले की मशीनखाली वेगवेगळे सरकत नाहीत.

कोरं कापड शिवायच्या आधी धुणं खरंच गरजेचं आहे का?

हो. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, फ्लॅनेल आणि टर्किश त्याहून जास्त. साडेअठ्ठेचाळीस इंचांवर ५ टक्के म्हणजे जवळपास अडीच इंच. न धुता शिवलेली खोळ पहिल्या दिवशी अचूक बसते आणि पहिल्या धुण्यानंतर चढतच नाही. जसं पुढे धुणार तसंच आधी धुवा. पुढे गरम पाणी वापरणार असाल तर आत्ताही गरमच. मग वाळवून, इस्त्री करून मगच कापा. इस्त्री न करता मोजलेलं माप पाव-अर्धा इंच हमखास चुकतं.

शिवायचा क्रम सांगा.

सुई १४ नंबर, मलमलीला ११. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा वारंवार धुण्याने आधी तुटतो. टाका अडीच मिलिमीटरचा.

आधी कोपरे. ओव्हरलॉक नसेल तर दुहेरी शिवण घाला, म्हणजे कापलेली कड आत बंद होते आणि धागे बाळाच्या बोटांत अडकत नाहीत. त्यासाठी कापलेल्या चौकोनाच्या दोन कडा उलट बाजू आत आणि सुलट बाजू बाहेर अशा जुळवा, पाव इंचावर टीप मारा. शिवणीबाहेरचं कापड कातरून निम्मं करा. आता उलटवा, म्हणजे सुलट बाजू आत येईल. नखाने शिवण नीट बाहेर काढून पुन्हा पाव इंचावर टीप. दोन्ही मिळून बरोबर अर्धा इंच गेला. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे करून पक्के करा, विशेषतः आतल्या टोकाला, कारण खोळ ओढताना सगळा ताण तिथेच येतो.

चारही कोपरे झाले की पॅडवर उलटी घालून बघा. वरचा भाग नीट बसला तरच पुढे जा. इथे उसवणं सोपं, नेफा झाल्यावर कटकटीचं.

मग नेफा. खालच्या कडेने पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, पुन्हा पाऊण इंच दुमडा, इस्त्री करा. दुमडीच्या आतल्या कडेला अगदी काठाजवळून टीप मारत जा. लांब बाजूच्या मध्यावर दोन इंच जागा उघडी ठेवा. ती कोपऱ्यावर ठेवू नका. तिथे शिवणींचे थर असतात, इलॅस्टिक घालताना सेफ्टी पिन अडते आणि बंद करताना सुई मोडते. कोपऱ्याची जाड शिवण ओलांडताना पायदान थांबवून चाक हाताने फिरवा.

शेवटी इलॅस्टिक. एका टोकाला सेफ्टी पिन लावून नेफ्यातून ओवा, दुसरं टोक कापडाला टाचून ठेवा, नाहीतर ते आत ओढलं जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन्ही टोकं बाहेर आली की इलॅस्टिक पिळलं नाही ना हे बोट फिरवून पाहा. टोकं एक इंच एकावर एक ठेवून चौकोनात टीप मारा, मध्ये फुली. खोळ चारी बाजूंनी ओढून चुण्या सारख्या करा आणि उघडी जागा बंद करा.

टाचण्या वापरल्या असतील तर सुरुवातीला मोजा आणि शेवटी पुन्हा मोजा.

इलॅस्टिक किती आणि कसलं?

अर्धा इंच रुंदीचं, विणलेलं. दोन्ही पॅडच्या खोळीचा खालचा घेर ९८ इंच येतो. ३२ x १६ x ४ च्या पॅडला ५८ इंच इलॅस्टिक पुरतं, त्यात जोडाचा एक इंच धरलेला आहे. दीड मीटर घ्या. घरच्या दोन इंची पॅडला ६४ इंच ठेवा, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

विकत घेताना ओढून सोडा. लगेच मूळ लांबीवर आलं पाहिजे. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली रिळं टाळा. रबर उन्हाने आधीच म्हातारं झालेलं असतं आणि दोन महिन्यांत खोळ ढिली पडते.

पॅड नावेसारखा वाकतोय, दोन्ही टोकं वर येतायत. का?

इलॅस्टिक आखूड पडलं. जाड पॅड ताण सहन करतो, पातळ वाकतो. उघडी ठेवलेली दोन इंच जागा उसवा, जोड कापा, पाच-सहा इंचांचा तुकडा वाढवा. नवीन घ्यायची गरज नाही.

कोपऱ्याला चोच येते, ती कशाने?

दोन कारणं. एक तर कोपऱ्याची टीप चौकोनाच्या आतल्या टोकाच्या पुढे वरच्या भागात गेली, किंवा अर्धा इंच शिवण एका ठिकाणी पाऊण झाली. टोक टेलरच्या खडूने आधी खुणावून ठेवा. बारीकशी चोच असेल तर तशीच राहू द्या. पॅडवर ओढून बसली की दिसत नाही, आणि या खोळीकडे कोणी प्रदर्शनातल्यासारखं बघणार नाही.

होजिअरीची, म्हणजे बनियनच्या कापडाची खोळ चांगली का? तिचे टाके तटातट तुटतात.

अंगाला चांगली, शिवायला त्रासाची. होजिअरी ताणते, सरळ टाका ताणत नाही, म्हणून तुटतो. गोल टोकाची, होजिअरीसाठी मिळणारी सुई घ्या. साधी सुई जाळं कापते आणि धुतल्यावर भोकं मोठी होतात. टाका ३ मिलिमीटर करा, शिवताना कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरा, आणि पहिल्या टिपेशेजारी दुसरी टीप मारा. मशीनला झिगझॅग असेल तर अरुंद झिगझॅग सगळ्यात बरा. होजिअरीच्या मापात अर्धा इंच ढील धरू नका, उलट लांबी-रुंदीत एकेक इंच कमी केला तरी चालतो. पहिली खोळ मात्र पॉपलिनचीच शिवा.

ओल पॅडमध्ये जाऊ नये म्हणून काय करायचं?

खोळीलाच रबर किंवा प्लास्टिक शिवून टाकायची कल्पना बहुतेकांच्या डोक्यात येते. आमचं मत स्पष्ट आहे: ते वेगळं ठेवा. दोन्ही एकत्र शिवलं की खोळ गरम पाण्यात टाकता येत नाही, उन्हात ठेवता येत नाही, आणि वाळायला दुप्पट वेळ लागतो.

त्याऐवजी पॅड आणि खोळ यांच्या मध्ये एक वेगळा तुकडा ठेवा. दवाखान्यात अंथरतात ते रबर शीट मेडिकल स्टोअरमध्ये मिळतं. पॅडच्या वरच्या भागापेक्षा दोन्हीकडे तीन-तीन इंच मोठं कापा, म्हणजे खोळीखाली दबून राहतं. ते रोज पुसा, आठवड्यातून दोनदा साबणाने धुऊन सावलीत वाळवा. साधं पातळ प्लास्टिक किंवा पिशवी कधीच नको. चुरगळून ते बाहेर आलं आणि बाळाच्या तोंडावर बसलं तर श्वास कोंडतो.

बाजारात पीयूएल नावाचं, एका बाजूला वॉटरप्रूफ थर दिलेलं मऊ कापडही मिळतं. कापडी डायपरच्या बाहेरच्या थराला बहुधा तेच असतं. रबर शीटपेक्षा मऊ आणि कमी गरम. शिवायचं असेल तर टाचण्या लावू नका, प्रत्येक टोचणीतून पाणी झिरपतं. कडेला चिमटे लावा आणि टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर ठेवा. उकळत्या पाण्यात घातलं तर थर सुटतो.

दिवसातून दहा वेळा खोळ बदलायची का?

नाही. खोळीवर बाळाच्या कमरेखाली एक छोटं दुपटं टाका, १२ x १८ इंचांचं. वर फ्लॅनेल, मध्ये टर्किश, खाली फ्लॅनेल, तीन थर. उलट बाजूने तीन कडा शिवा, उलटवा, चौथी कड बंद करा आणि सगळीकडून पाव इंच आत दाबटीप मारा. मध्ये एक फुली मारली की थर गोळा होत नाहीत. अशी आठ-दहा करून ठेवा, घरातल्या उरलेल्या तुकड्यांत होतात. बहुतेक वेळा एवढंच बदलावं लागतं, खोळ दिवसाआड. शिवायला वेळ कमी असेल तर एक खोळ आणि दहा दुपटी करा, तीन खोळी आणि शून्य दुपटी करू नका.

पॅडला पट्टा आहे. खोळीला भोक कसं पाडायचं?

खोळ पॅडवर चढवून पट्टा नेमका कुठे येतो ते खडूने खुणवा. मोजून अंदाजाने पाडलेलं भोक नेहमी इंचभर मागे-पुढे येतं. खुणेवर सुलट बाजूने ३ x २ इंचांचं ठिगळ उलटं ठेवा, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच लांब आणि पाव इंच रुंद असा चौकोन शिवा. मधोमध कापा, टोकांना तिरक्या खाचा कोपऱ्यापर्यंत द्या, ठिगळ भोकातून आत ओढा, इस्त्री करा, कडेने दाबटीप. साधी चीर पाडून हाताने काज केलं तर चार धुण्यांत फाटतं.

पट्टा लावला म्हणून बाळाला उंचावर ठेवून वळू नका. पॅड जमिनीवर ठेवणं सगळ्यात सुरक्षित. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, म्हणून खाली सतरंजी किंवा रबरी जाळी टाका.

खोळी किती हव्यात?

उन्हाळ्यात तीन. आपल्या उन्हात पॉपलिन बघता बघता वाळतं. पावसाळ्यात पाच.

डाग कसे काढायचे?

शी किंवा दुधाचा डाग: आधी गार पाणी, मग साबण. थेट गरम पाणी ओतलं तर डाग शिजून बसतो. दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग धुतल्यावरही राहिला तर ओलं कापड उन्हात टाका, बरेचदा ऊनच तो उडवतं. हळदीचंही तसंच आहे. साबणाने हळद लाल होते म्हणून घाबरू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतली काळी चिकट शी मात्र चिवट असते. त्या दिवसांत जुनीच कापडं वापरलेली बरी.

मालिशचं तेल हा खोळीचा खरा शत्रू. ते दिसत नाही, साठत जातं, मग कापड पाणी शोषेनासं होतं आणि खवट वास येतो. मालिश खोळीवर करूच नका, वेगळं जुनं फडकं घ्या. तेल लागलंच तर कोरड्या कापडावर भांड्यांचा साबण चोळून दहा मिनिटं ठेवा, मग गरम पाण्याने धुवा. काजळालाही हाच उपाय, पण पाणी लावण्याआधी, कोरड्यावरच.

केळीच्या चिकाचा डाग जात नाही. रावेर-यावलकडे हे सांगायला नको, पण मळ्यातून आलेल्या हातांनी किंवा बागेतल्या कपड्यांसोबत खोळी धुतल्या की तपकिरी ठिपके येतात आणि राहतात. बाळाचे कपडे वेगळे भिजवा.

धुतल्यावर खोळ कडक होते. साबण बदलावा का?

आधी पाणी बघा. बोअरचं पाणी जड असतं. साबणाशी त्याचा पांढरा साका होतो, तो धाग्यांत अडकतो आणि कापड पापडासारखं होतं. साबणाची वडी सोडून डिटर्जंट घ्या, ते जड पाण्यात साका धरत नाही, पण घाला थोडं. शेवटचं खंगाळणं नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात केलं तर फरक लगेच जाणवतो. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्यं वापरू नका. त्यांचा थर बसून दुपटी ओल पिणं बंद करतात, आणि वासाने काही बाळांच्या अंगावर पुरळ येतं.

लघवीच्या कपड्यांवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा घशाला झोंबणारा विषारी वायू होतो, आणि इलॅस्टिकचंही आयुष्य संपतं.

कडक उन्हात वाळवावं की सावलीत?

नुसतं कापड उन्हात, इलॅस्टिक सावलीत, हा नियम. खोळ उलटी करून दोरीवर अशी टाका की नेफा घडीच्या आत येईल. मे महिन्यात दुपारभर तशीच ठेवू नका. वाळली की आत घ्या, नाहीतर रबर तडकतं आणि धूळही बसते. उन्हातून आणलेली खोळ थेट बाळाखाली घालू नका, आधी गार होऊ द्या.

ट्रंकेत डांबर गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे वापरावेत का?

नाही. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा अंश कापडात राहतो. ज्या बाळांना जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. कमतरता आहे की नाही हे चाचणी केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे सगळ्याच बाळांच्या बाबतीत गोळ्या दूर ठेवा. पहिल्या बाळाच्या जपून ठेवलेल्या खोळी अशा गोळ्यांसोबत असतील तर दोनदा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाका. वास राहिला तर फरशी पुसायला काढा. साठवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला पातळ कापडात बांधून ठेवा.

लेस, गोंडे, टिकल्या लावल्या तर?

नको. जे सुटतं ते बाळाच्या तोंडात जातं. नाडीचं टोकही बाहेर लोंबू देऊ नका, गळ्याभोवती गुंडाळलं जाऊ शकतं. नाडीऐवजी इलॅस्टिक घ्यायचं एक कारण तेच. शोभा हवी तर दोन रंगांचं कापड जोडा.

बाळ पॅडवरच झोपी गेलं तर राहू द्यावं का?

उचलून त्याच्या जागी ठेवा, पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. पॅडच्या उंच कडेकडे तोंड वळलं की नाक फोममध्ये दबतं.

टेलरकडून शिवून घ्यायची आहे. भाऊंना काय सांगायचं?

पॅड सोबत न्या, नुसतं माप देऊ नका. कापड धुऊन इस्त्री करून द्या, कारण दुकानात ते कोणी धुणार नाही. "उशीच्या अभ्र्यासारखी" म्हटलं तर उशीचा अभ्राच मिळेल. "गादीच्या फिटेड चादरीसारखी, खाली तीन इंच वळलेली, सगळीकडे नेफा" असं सांगा. कोपऱ्याला ओव्हरलॉक किंवा दुहेरी शिवण मागा, इलॅस्टिक स्वतः नेऊन द्या, आणि आधी एकच शिवून घ्या. ती एकदा घरी धुऊन पॅडवर बसली की बाकीच्या टाका.

बाळ मोठं झाल्यावर खोळीचं काय करायचं?

इलॅस्टिक काढून कोपरे उसवले की सव्वा मीटरचा मऊ तुकडा हातात येतो, चारही कोपऱ्यांत चौकोन कापलेला. मधला ३२ x १६ चा भाग दुपट्यांच्या वरच्या थराला पुरतो, बाजूच्या पट्ट्या गोधडीत जातात. कापड अजून दमदार असेल तर खोळ अखंड ठेवा, पुढच्या बाळासाठी फक्त नवं इलॅस्टिक ओवा. जुनं कितीही चांगलं वाटलं तरी दोन उन्हाळे पाहिलेलं रबर पुन्हा ताण धरत नाही.